गोळी लिहून झाली, डोस अजून ठरायचाय

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

दर वर्षी १० ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिनाच्या आसपास, ‘मनाच्या आजाराची लाज बाळगू नका, डॉक्टरांना भेटा’ असं सगळीकडे छापून येतं. त्याचा उपयोग होतो. नाशिकच्या गंगापूर रोड आणि सिडकोतूनच काय, निफाड-दिंडोरीहूनही माणसं आता दवाखान्याची पायरी चढू लागली आहेत. पण चिठ्ठी हातात पडल्यानंतरच्या आठ आठवड्यांत काय करायचं, काय होणार, कशाला घाबरायचं आणि कशाला नाही, याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही. उपचार फसायचा असेल तर याच आठ आठवड्यांत फसतो. आम्ही पत्र लिहिणारे तिघं याच कामात आहोत, एक मनोविकारतज्ज्ञ आणि दोन औषधनिर्माते. आपल्या पानावर थोडी जागा मिळावी ही विनंती.

चिंताविकारावर बहुधा आधी दिली जातात ती एस्सिटालोप्राम, सर्ट्रालिन या गटातली औषधं. रक्तदाबाची गोळी लागू पडली का ते दंडाला पट्टा बांधून कळतं, थायरॉईडची रक्त तपासून कळते. इथे तशी सोय नाही. कमी मात्रेवर सुरुवात करायची, ठरलेल्या अंतराने पेशंटला बघायचं आणि त्रास निम्म्याच्या खाली येईपर्यंत एकेक पायरी वर जायचं, हीच पद्धत. म्हणजे पहिल्या चिठ्ठीवरचा आकडा हा फक्त सुरुवातीचा असतो. हे पेशंटला कुणी सांगितलेलं नसतं. मग दुसऱ्या भेटीत डोस वाढला की घरात कुजबुज सुरू होते, ‘आजार वाढला वाटतं’.

एस्सिटालोप्रामचंच उदाहरण घेऊ. घाबरेपणाचे झटके येत असतील तर पहिला आठवडा दिवसाला ५ मिलिग्रॅम, मग १०. पुढे गरज पडली तर १५, २०. त्यावर जायचं नाही. पासष्टी ओलांडलेल्यांना साधारणपणे १० ही शेवटची पायरी. सर्ट्रालिन असेल तर आठवडाभर २५, मग ५०, आणि कमाल २००. सुरुवात इतकी खालून का, तर या गोळ्या पहिल्या आठ-दहा दिवसांत काहींना उलट जास्त अस्वस्थ करतात. मळमळतं, डोकं दुखतं, हात थरथरतात, झोप उडते, छातीत धडधडतं. ज्याला छातीतल्या धडधडीचीच धास्ती आहे, तो तिसऱ्या दिवशी गोळी बंद करतो आणि ‘मला हे औषध सोसत नाही’ असं कायमचं ठरवून टाकतो. खरं तर बहुतेकांची मळमळ एक-दोन आठवड्यांत ओसरते आणि पोटभर जेवून गोळी घेतली तर ती मुळातच कमी जाणवते. ही दोन वाक्यं पहिल्या दिवशी सांगितली तर किती तरी उपचार वाचतील.

मात्र एका गोष्टीत थांबून बघायचं नाही. पंचविशीच्या आतल्या मुलामुलींमध्ये सुरुवातीच्या आठवड्यांत आणि डोस बदलताना जीव द्यायचे विचार वाढू शकतात. घरातल्या एका माणसाने या काळात रोज विचारपूस करावी. असं बोलणं कानावर आलं, किंवा माणूस अचानक फार बेचैन, चिडचिडा झाला, तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी डॉक्टर गाठावा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक रात्रीही चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.

आता वाट किती बघायची? एस्सिटालोप्रामची रक्तातली मात्रा निम्मी व्हायला सुमारे ३० तास लागतात. रोज एक गोळी घेत गेलं की आठवड्याभरात पातळी एका जागी येते. पण मेंदूत त्याचा परिणाम उमटायला आणखी वेळ जातो. पहिला फरक दोन ते चार आठवड्यांत, पुरता फरक सहा ते आठ आठवड्यांत, कुणाला बाराही लागतात. चार दिवसांत गुण नाही म्हणून स्वतःच गोळी दुप्पट करणं म्हणजे पेरलं ते उगवायच्या आत वावर पुन्हा नांगरणं. सुधारणेचाही एक क्रम असतो. आधी झटके विरळ होतात, मग पुढचा झटका कधी येईल हा धाक सैल होतो, आणि एकट्याने बसमध्ये बसायचं, गर्दीत जायचं टाळणं सगळ्यात शेवटी जातं. एकटं बाहेर पडता येत नाही एवढ्यावरून महिन्याभरात औषध निकामी ठरवू नये. उलट चार आठवड्यांत काडीचाही फरक नसेल तर त्याच डोसवर सहा महिने घासत राहण्यातही अर्थ नाही. तिथे डोस वाढवायचा, आणि पुरेशा डोसवर सहा-आठ आठवडे जाऊनही काही नसेल तर औषध बदलायचं.

आमचा मुख्य मुद्दा आता येतो. एकाच गोळीत एस्सिटालोप्राम १० आणि क्लोनाझेपाम (लगेच शांत करणारं, झोप आणणारं औषध) ०.५ मिलिग्रॅम असं मिश्रण आपल्याकडे सर्रास लिहिलं जातं. नावापुढे ‘प्लस’ किंवा तसंच काहीतरी असतं. पेशंटला ती आवडते, कारण पहिल्याच रात्री शांत झोप लागते. पण ती झोप क्लोनाझेपामची असते. एस्सिटालोप्रामने अजून कामाला हातही लावलेला नसतो. इथून पुढे डोस ठरवणंच अशक्य होऊन बसतं. एस्सिटालोप्राम २० वर न्यायचं म्हणून दोन गोळ्या घेतल्या की क्लोनाझेपाम आपोआप १ होतं, ते कुणाला हवं नसतानाही. क्लोनाझेपाम कमी करायचं म्हणून अर्धी केली तर एस्सिटालोप्राम ५ वर येतं आणि आजार डोकं वर काढतो. बरं वाटतंय म्हणून गोळी बंद केली तर दोन औषधं एकदम सुटतात, आणि मग जो त्रास होतो तो आजाराचा, एका औषधाचा की दुसऱ्याचा, हे कुणालाच सांगता येत नाही. क्लोनाझेपाम आणि त्याच गटातलं अल्प्राझोलाम ही औषधं वाईट नाहीत. पहिले दोन ते चार आठवडे, मुख्य औषधाचा गुण येईपर्यंत, त्यांचा आधार चांगला असतो. पण हा आधार सुटा हवा, म्हणजे वेळ आली की तो एकटा काढता येतो. दोन औषधं, दोन वेगळ्या ओळी, आणि क्लोनाझेपामच्या ओळीपुढे ते कधी कमी करायला लागायचं ती तारीख. डॉक्टर मित्रांनी एवढं केलं तर पुढची निम्मी गुंतागुंत होणार नाही.

अल्प्राझोलामची आणखी एक अडचण आहे. ते अंगातून लवकर उतरतं, साधारण अकरा तासांत निम्मं. सकाळच्या गोळीचा असर संध्याकाळी उतरला की हुरहुर सुरू होते. पेशंटला वाटतं डोस कमी पडतोय, आणि दोनाच्या तीन, तिनाच्या चार गोळ्या होतात. क्लोनाझेपामला निम्मं व्हायला ३० ते ४० तास लागतात, त्यामुळे असा चढउतार कमी होतो. पण ते रोज थोडं थोडं साठत जातं, म्हणून चौथ्या-पाचव्या दिवशी सकाळी जड वाटतं. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत प्रेसवर किंवा लेथवर उभं राहणाऱ्याने आणि मुंबई-आग्रा महामार्गावर गाडी चालवणाऱ्याने हे लक्षात ठेवायलाच हवं. दोन्हींवर दारू घेणं म्हणजे जिवाशी गाठ आहे. श्वास मंदावतो आणि माणूस झोपेतच जाऊ शकतो.

आता चिठ्ठीकडे जवळून पाहा. ‘०-०-१’ म्हणजे फक्त रात्री, ‘१-०-१’ म्हणजे सकाळ-रात्र, ‘एसओएस’ म्हणजे लागेल तेव्हाच. चिंतेच्या गोळीपुढे नुसतं ‘एसओएस’ लिहिलेलं चालू नये. दिवसात जास्तीत जास्त किती आणि आठवड्यात किती वेळा, हे डॉक्टरांकडून लिहून घ्यावं. आणि ‘एसओएस’ कधीच एस्सिटालोप्रामपुढे नसतं. घाबरल्यासारखं होईल तेव्हा एक अशी घ्यायची ती गोळी नव्हे, ती रोजचीच. सगळ्यात धोकादायक गोष्ट म्हणजे दशांशचिन्ह. घाईत लिहिलेला ‘.५’ मधला ठिपका दिसतच नाही आणि ०.५ चे ५ होतात. क्लोनाझेपाम ५ मिलिग्रॅमची गोळीच नसल्याने काउंटरवरचा अनुभवी माणूस थबकतो. पण खाली एस्सिटालोप्राम ५ लिहिलं असेल तर दोन ओळींची सरमिसळ होऊ शकते. म्हणून शून्य लिहून मग ठिपका, म्हणजे ०.२५, ०.५ असंच लिहावं, आणि पूर्ण आकड्यापुढे ठिपका-शून्य कधी लावू नये, नाहीतर १.० चे १० होतात.

अर्धी गोळी सांगितली असेल तर मधोमध खाच आहे का बघावं. खाच असेल तर अंगठ्याने दाबूनही बऱ्यापैकी सरळ तुटते. नसेल तर मेडिकलमध्ये स्वस्तात मिळणारा गोळी कापायचा डबा घ्यावा. सुरीने किंवा दाताने तोडली की एक तुकडा मोठा, एक लहान आणि उरलेला चुरा होतो. एकदम दहा गोळ्या तोडून ठेवू नयेत. आज एक तोडावी आणि तिचाच दुसरा तुकडा उद्या घ्यावा, म्हणजे कमी-जास्त तिथल्या तिथे फिटतं. त्याहून बरं म्हणजे ५ ची अख्खी गोळी मागून घेणं. नावापुढे सीआर, एसआर, एक्सआर असलेली गोळी तोडायची नाही आणि चावायचीही नाही. दिवसभर हळूहळू सुटायचं औषध एकदम अंगावर येतं.

डोस बरोबर असतो, पण भलतंच काहीतरी त्याला वर-खाली करतं, अशी उदाहरणं आम्हाला जास्त दिसतात. आपल्याकडे ॲसिडिटीची गोळी वर्षानुवर्षं चघळली जाते. त्यातल्या ओमेप्राझोल आणि इसोमेप्राझोलमुळे एस्सिटालोप्रामची रक्तातली पातळी वाढते, म्हणजे १० घेऊनही शरीराला ते जास्त पडतं. गुडघेदुखीच्या काही गोळ्यांत ट्रामाडोल असतं, खोकल्याच्या काही औषधांत डेक्स्ट्रोमिथॉर्फन. या गटाबरोबर ती घेतली तर थरथर, घाम, ताप, गोंधळ असा गंभीर प्रकार होऊ शकतो. डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिनबरोबर पोटात रक्तस्राव होण्याचा धोका वाढतो. धडधडीवर दिलं जाणारं प्रोप्रानोलॉल दमेकऱ्याला चालत नाही. म्हणून डॉक्टरांकडे जाताना घरातली सगळी औषधं पिशवीत भरून न्यावीत, अश्वगंधेचा डबासुद्धा. त्याने गुंगी वाढू शकते आणि थायरॉईडची पातळीही हलू शकते. थायरॉईडचं नाव निघालंच आहे तर, ते वाढलेलं असेल तर हुबेहूब चिंताविकारासारखं दिसतं. तपासणी न करता डोस चढवत नेला तर आजार एक आणि औषध भलत्यालाच, असं होतं.

आणि चहा. दिवसाला सात-आठ कप, त्यातले दोन टपरीवरचे कडक, वर झोप पाच तास. अशा माणसाची धडधड गोळी दुप्पट करून जाणार नाही. रात्री दारू घेणाऱ्यालाही सकाळी उतरताना घबराट होते. डोस वाढवण्याआधी डॉक्टरांनी हे दोन प्रश्न विचारावेत, आणि पेशंटने खरी उत्तरं द्यावीत.

कामाची पाळी (शिफ्ट) दर आठवड्याला बदलत असेल तर ‘रात्री एक’ या सांगण्याला अर्थ उरत नाही. एस्सिटालोप्रामसाठी तिन्ही पाळ्यांत आपण जागे असू अशी घड्याळातली एकच वेळ धरावी, समजा दुपारी तीन. क्लोनाझेपाम मात्र झोपायच्या वेळेशी बांधलेलं, मग ती झोप सकाळी आठची का असेना. चतुर्थी, एकादशी, नवरात्र किंवा रोजे असले तरी गोळी सोडायचं कारण नाही. फराळानंतर किंवा इफ्तारनंतर घ्यावी. एखादी राहिली तर आठवेल तेव्हा घ्यावी, पण दुसरीची वेळ जवळ आली असेल तर राहिलेली सोडून द्यावी. दोन एकदम नाहीत.

वयस्कर माणसांबद्दल एक महत्त्वाची गोष्ट. रक्तदाबाच्या पुष्कळ गोळ्यांत लघवी वाढवणारं हायड्रोक्लोरोथायाझाइड मिसळलेलं असतं. त्यात एस्सिटालोप्राम किंवा सर्ट्रालिनची भर पडली की पहिल्या काही आठवड्यांत रक्तातलं सोडियम खाली येऊ शकतं. आजी भ्रमिष्टासारखं बोलू लागतात, चालताना तोल जातो, आणि घरचे म्हणतात वय झालं. दोन आठवड्यांनी सोडियमची साधी तपासणी केली तर हे वेळीच कळतं. क्लोनाझेपाममुळे रात्री बाथरूमला उठताना पडून खुब्याचं हाड मोडण्याची भीती वेगळीच.

डॉक्टरांसमोर ‘बरं आहे’ किंवा ‘तसंच आहे’ यापलीकडे सांगता आलं तर डोस ठरवणं सोपं जातं. जीएडी-७ नावाची सात प्रश्नांची यादी जगभर वापरतात. काळजी आवरता येते का, स्वस्थ बसवतं का, चिडचिड होते का, असे साधे प्रश्न. गेल्या दोन आठवड्यांत किती दिवस असं झालं त्यावरून प्रत्येकाला ० ते ३ गुण, बेरीज ० ते २१. पाचपासून सौम्य, दहापासून मध्यम, पंधरापासून तीव्र. औषध सुरू करायच्या दिवशी एकदा आणि मग दर दुसऱ्या रविवारी भरावी. सोळावरून सहाव्या आठवड्याला सातवर आलं तर आहे तो डोस लागू आहे, घाई नको. सोळावरून चौदावरच अडलं असेल तर पुढची पायरी. त्याच वहीत गोळीची वेळ, झोपेचे तास आणि त्रास लिहावा. लैंगिक इच्छा कमी होणं हा या गटाचा नेहमीचा दुष्परिणाम आहे. लाजेपोटी कुणी सांगत नाही आणि चुपचाप गोळी सोडली जाते. वहीत लिहून ती पुढे सरकवली तरी चालतं. डोस कमी करणं, औषध बदलणं असे मार्ग असतात.

सुरगाणा, पेठहून दर पंधरा दिवसांनी शहरात येणं शक्य नसतं हे आम्ही जाणतो. पहिली आणि सहाव्या आठवड्याची भेट प्रत्यक्ष आणि मधली विचारपूस फोनवर असं डॉक्टरांशी आधीच ठरवून घ्यावं. खाजगी दवाखाना परवडत नसेल तर त्र्यंबक रोडच्या जिल्हा शासकीय रुग्णालयात मनोविकाराची ओपीडी आहे.

आता बंद करण्याबद्दल. पूर्ण बरं वाटू लागल्यावरही तोच डोस सहा महिने ते वर्षभर चालू ठेवायचा असतो. त्यानंतर उतरायचं तेही पायऱ्यांनी. १० वरून ५ सोपं जातं, ५ वरून शून्य कठीण. कारण थोड्या मात्रेतही औषध मेंदूतल्या पुष्कळ जागा व्यापून असतं, त्यामुळे शेवटचे काही मिलिग्रॅम जास्त हळू काढावे लागतात. एकदम सोडलं तर दोन-चार दिवसांत चक्कर, डोक्यात वीज चमकल्यासारखे झटके, विचित्र स्वप्नं सुरू होतात. चिंतेवरच्या अशाच औषधांपैकी पॅरोक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिनला हे जास्त, फ्लुओक्सेटिनला कमी. ‘सवय लागली’ असं घाबरून म्हटलं जातं ते यालाच. आजार परतताना दिवसांत परतत नाही, आठवडे घेतो, आणि चिंता तीच जुनी असते. डोक्यातले झटके औषध सुटल्याचे. क्लोनाझेपाम-अल्प्राझोलाम मात्र महिनोन्महिने घेऊन स्वतःच्या मनाने एका दिवसात कधीच बंद करू नये, फिट येऊ शकते. दर दोन ते चार आठवड्यांनी सध्याच्या डोसच्या पाच ते दहा टक्के इतकंच कमी करत डॉक्टरांच्या देखरेखीत उतरावं लागतं.

शेवटी आमच्याच व्यवसायबंधूंना, गोळे कॉलनीतल्या घाऊक दुकानांपासून गल्लीतल्या मेडिकलपर्यंत सगळ्यांना, हात जोडून विनंती. अल्प्राझोलाम अनुसूची एच-१ मध्ये, म्हणजे विक्रीची कडक नोंद ठेवायच्या औषधांच्या सरकारी यादीत आहे. १ मार्च २०१४ पासून त्याची विक्री वेगळ्या वहीत डॉक्टर आणि पेशंटच्या नावानिशी नोंदवायची आणि वही तीन वर्षं जपायची असा नियम आहे. जुन्या चिठ्ठीवर, ओळखीवर, ‘नेहमीचीच आहे’ म्हणून ते देऊ नका. कंपनी बदलून द्यायची वेळ आली तर आतलं औषध आणि मिलिग्रॅम पेशंटला बोट ठेवून वाचून दाखवा. साध्या नावाऐवजी ‘प्लस’ची स्ट्रिप हातात गेली तर त्याला क्लोनाझेपाम सुरू झालंय हे त्याला कळणारही नाही. आणि चारच गोळ्या कापून द्यायच्या असतील तर कात्री कुठून चालते ते बघा. नाव आणि मुदत ज्या टोकाला छापलेली असते तेच टोक बरेचदा दुकानात उरतं आणि माणूस घरी चार बिननावाच्या पांढऱ्या गोळ्या घेऊन जातो. छोट्या पाकिटावर औषधाचं नाव, मिलिग्रॅम, मुदत आणि वेळ पेनाने लिहायला अर्धं मिनिट लागतं.

आपले,
एक मनोविकारतज्ज्ञ आणि दोन औषधनिर्माते,
नाशिक